दोन किल्ल्या आणि एक डबी

दि. ४

चि. धाकटीस,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद, आणि आशीर्वादांच्या मागोमाग एक तक्रार.

तू पाठवलेली डबी काल सुखरूप पोचली. तिला डबी म्हणणे हा तिचा अधिक्षेप आहे. मी तिचे ‘प्रवाहमंजूषा’ असे नामकरण केले असून घरात त्या नावाने तिला मी एकटाच संबोधतो. आकाराने ती साबणाच्या वडीएवढी. एवढ्याशा वस्तूच्या उदरात जगातील यच्चयावत सामने आणि नाटके सामावली आहेत, अशी ग्वाही वेष्टनावर दिलेली आहे. तुझ्या वहिनीने ती वाचली आणि मग आता टीव्ही बघायचा की नुसती डबी, एवढेच विचारले.

फोन सोडून पत्र का, असे तू म्हणशील. फोनवर तू मध्येच हसतेस. पत्र वाचताना हसलीस तरी मला ऐकू येत नाही.

मूळ विषय असा. तुझ्या आज्ञेनुसार मी गेल्याच आठवड्यात घरी इंटरनेट घेतले. कंपनीचा तंत्रज्ञ आला, दाराजवळच्या फळीवर त्याने दोन शिंगांचे एक पांढरे यंत्र ठेवले, याला राउटर म्हणतात आणि डबीला लागणारे वायफाय यातूनच निघते असे सांगितले, आणि संकेतशब्दाची चिठ्ठी माझ्या हाती देऊन तो अंतर्धान पावला. यंत्रासोबतची पुस्तिका मी साद्यंत वाचली. यंत्र धूळ, पाणी, ऊन, लहान मुले आणि अनोळखी व्यक्ती यांपासून दूर ठेवावे, अशी तीत सक्त ताकीद आहे. वडिलोपार्जित धंदा कुलपांचा आणि तिजोऱ्यांचा असणाऱ्या माणसाला अशी ताकीद दोनदा वाचावी लागत नाही. ते यंत्र, चिठ्ठीसह, मी घरातील सर्वांत निर्धोक स्थळी हलवले. बाबांनीही त्या कामी हात लावला. हे काय आहे, असे त्यांनी विचारले. मी लहरींचे तत्त्व संक्षेपाने, म्हणजे अर्ध्या तासात, विशद केले. आणि ऐकून ते चक्क हसले. गेल्या दोन वर्षांत माझ्या कोणत्याही कृत्यावर ते हसलेले नव्हते. मी तो शुभशकुन मानला.

तथापि! मंजूषा टीव्हीला जोडली की पडद्यावर परिसरातील वायफायची नामावली उमटते. तीत शेजारच्या दंतवैद्याचे नाव आहे, वरच्या मजल्यावरील शिकवणीवाल्या बाईंचे आहे, समोरच्या इस्त्रीवाल्याचेही आहे. आपले नाही. स्वतःच्याच घरात स्वतःचेच नाव नसावे, ही मानहानी तू तुझ्या दुकानदाराच्या कानी घालावीस.

लोभ आहेच, हसू आवरता आले तर तोही वाढेल.

तुझा,
दादा

&nbsp;

दि. ८

ती. दादास,
धाकटीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. हसले. ऐकू आलं नसेल अशी आशा आहे.

दादा, आता जरा गंभीरपणे. सत्तावीस तारखेला दुपारी चार वाजता पैलवानाची स्पर्धा आहे, आणि ती फक्त या डबीवर दिसणार आहे. मोबाईलवर दाखवून उपयोग नाही. बाबांना एवढ्याशा पडद्यावर माणूस कुठला आणि खुर्ची कुठली तेही कळत नाही. म्हणून तर ही सगळी खटपट.

तुला वेगळं सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझी लेक सोळाव्या वर्षापासून बाबांच्या हाताखाली राबली. दोन कामगारांना न हलणारं तिजोरीचं दार ती एकटी उचलून बिजागरीवर बसवायची आणि बाबा गिऱ्हाइकांना हाका मारमारून ते दाखवायचे. तिला पैलवान हे नाव त्यांनीच दिलं. कारखाना हीच चालवणार, असं जाहीरही करून बसले. मग ती भारोत्तोलन शिकायला निघून गेली. वजनंच उचलायची होती तर ती इथे काय कमी होती, एवढं म्हणाले आणि त्यानंतर दोन वर्षं तिच्याशी एक शब्द नाही. तिने तीन पत्रं पाठवली. उत्तर नाही. परवा मला म्हणाली की पहिली आले काय आणि शेवटची आले काय, आजोबांनी एकदा बघायला हवं.

तेव्हा तत्त्वज्ञान बाजूला ठेव आणि सरळ सांग: राउटरचे दिवे लागलेत का? कुठल्या रंगाचे? आणि तो आहे तरी कुठे?

वहिनीला नमस्कार. तिला म्हणावं, दादाला सांभाळ, डबी आपोआप सांभाळली जाईल. मोठ्यांचा लोभ धाकट्यांवर असतो तसा राहू दे.

धाकटी

&nbsp;

दि. १२

चि. धाकटीस अ. उ. आ.

तुझ्या प्रश्नांची उत्तरे क्रमाने देणार होतो. परंतु मध्यंतरी एक आंतरराज्यीय स्वरूपाचा प्रसंग उद्भवला, तो आधी.

नामावलीत दंतवैद्याचे वायफाय सर्वांच्या वर आणि पूर्ण बलवान दिसते. आपल्या लहरी त्यानेच गिळंकृत केल्या असाव्यात, असा माझा तर्क झाला. मी लेखी निषेधपत्र घेऊन त्याच्या दवाखान्यात गेलो. त्याने पत्र वाचले, मला त्या झोपाळू खुर्चीत बसवले, आ करायला सांगितले, आणि लहरी काही दिसत नाहीत पण डावीकडची दाढ किडली आहे, असा निष्कर्ष काढला. वर उदारपणे असेही म्हणाला की, काका, कशाला एवढा त्रास, माझाच पासवर्ड घ्या. मी बाणेदारपणे नकार दिला. सख्खी भाची परक्याच्या लहरींवर पाहण्याची वेळ या घराण्यावर अद्याप आलेली नाही. तुझी वहिनी म्हणते की ती वेळ येऊन गेली आणि मी ती घालवली.

आता दिवे. दिव्यांचा रंग मला सांगता येत नाही. यंत्र जेथे आहे तेथे डोकावायचे तर एका माणसाने भागत नाही, दोन लागतात. मात्र वीज आणि इंटरनेट यांच्या तारा मागच्या अंगठ्याएवढ्या भोकातून व्यवस्थित आत गेलेल्या आहेत. मंजूषा मी सात वेळा बंद करून सुरू केली. टीव्हीची दिशा बदलली. एकदा तर खोलीतील सर्वांना बाहेर जाण्यास सांगितले, कारण काही लहरी संकोची असू शकतात. दंतवैद्य पहिल्या क्रमांकावर कायम आहे.

बाबांना काही बघायचे नाही, असे बाबा म्हणतात. परंतु रोज सकाळी चहाचा पेला हाती येताच डबी बोलली का, एवढे विचारतात. नाही म्हटले की पेल्यात बघत बसतात. त्यांना बरे वाटते की वाईट, हे मला अद्याप उलगडलेले नाही.

दाढ दुखते आहे. प्रेम आहे तसेच ठेव, दाढेसारखे पोखरू देऊ नकोस.

दादा

&nbsp;

दि. १६

ती. दादास सा. न. वि. वि.

दादा, दोन माणसं लागतात म्हणजे काय? मागे अंगठ्याएवढं भोक आहे म्हणजे काय?

तू राउटर बाबांच्या तिजोरीत ठेवलास?

बैठकीच्या खोलीतली ती तिजोरी, चार बोटं जाड पोलादाची? जिच्यात हात अडकला तर किंकाळीसुद्धा बाहेर येणार नाही, असं बाबा गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचे, ती? अरे, त्यातून लहर कशी बाहेर पडेल? मुंगी पडत नाही!

पत्र वाचून मी आधी हसले, मग तारीख बघितली. आजच्या आज तो बाहेर काढ. दोन किल्ल्या एकदम फिरल्याशिवाय ती उघडत नाही हे माहीत आहे; एक तुझ्या कमरेला, दुसरी बाबांच्या. म्हणजे बाबांना विचारावं लागणार. विचार. नीट विचार, व्याख्यान देऊ नकोस.

पैलवानाला मी यातलं काही सांगितलेलं नाही. राग नाही, काळजी आहे. दोन्हींत लोभच समज.

धाकटी

&nbsp;

दि. २१

चि. धाकटीस अ. उ. आ.

तुझे पत्र वाचून मी काही काळ स्वतःशी अबोला धरला होता. आता तो सुटला आहे.

बाबांना विचारले. एका वाक्यात विचारले. तुझी वहिनी साक्षीला उभी होती. बाबा म्हणाले की तिजोरी ठेवण्यासाठी असते, काढण्यासाठी नव्हे. मी म्हणालो की राउटर आत राहिला तर पैलवानाची स्पर्धा दिसणार नाही. ते म्हणाले की मग दिसणार नाही. कमरेची किल्ली त्यांनी काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि पुन्हा कमरेला लावली. मी दुसऱ्या दिवशी विचारले, तिसऱ्या दिवशीही. आता विचारण्याआधीच पुसायला घेतात.

तीच किल्ली बनवून घेऊ, असे वहिनी सुचवते. परंतु त्या कुलपाची किल्ली करू शकणारा या पृथ्वीतलावर एकच कारागीर आहे, आणि तोच ती देत नाही. शेवटी मी मान खाली घालून दंतवैद्याकडे संकेतशब्द मागायला गेलो. दवाखाना बंद, महिना संपेपर्यंत तो परगावी गेला आहे आणि जाताना वायफायही बंद करून गेला आहे. बाईंनी आणि इस्त्रीवाल्याने, मी त्यांनाही निषेधपत्रे दिली होती या कारणास्तव, असमर्थता व्यक्त केली.

सहा दिवस उरले. धाकटे, या वेळी मला विनोद सुचत नाही.

दादा

&nbsp;

दि. २८

चि. धाकटीस अनेक, खरोखर अनेक आशीर्वाद.

काल पावणेचार वाजता मी रिकाम्या पडद्यासमोर बसलो होतो. वहिनी मुद्दाम मोठ्याने भांडी लावत होती. तेवढ्यात काठी टेकत बाबा आले, तिजोरीसमोर उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले की बसलास काय, किल्ली काढ.

दोन्ही किल्ल्या फिरल्या. दार उघडले. राउटरचे चारही दिवे हिरवे होते. बिचारा पंचवीस दिवस अंधारात इमानाने लुकलुकत होता. चिठ्ठी घेण्यासाठी मी हात घातला. तिच्याखाली पैलवानाची तिन्ही पत्रे होती. इतक्या वेळा उघडून मिटलेली की घड्यांवर कागद विरला आहे. राउटर आत जाईपर्यंत बाबा रोज दुपारी हिशेब तपासायचा म्हणून मला किल्लीसह बोलावत आणि मग पाणी आणायला पाठवत, त्याचा अर्थ मला काल कळला. मी काही बोललो नाही. ही गोष्ट इतिहासात नोंदवून ठेव.

यादीत आपले नाव प्रकटले! संकेतशब्द भरला. मंजूषा बोलली. आणि त्याच क्षणी पडदा गोठला, कारण त्या तिजोरीचे दार आपोआप मिटते, ही बाबांची सुप्रसिद्ध करामत. दार पुन्हा उघडून खुर्ची लावली. खुर्चीने दोन मिनिटांत प्राण सोडला. यंत्र उपटून बाहेर आणावे तर चार वाजून गेलेले, आणि उपटलेले पुन्हा लागेल याची हमी मी तरी देणार नाही. तेव्हा मीच आत शिरून दाराला पाठ लावली आणि सव्वा तास पोलाद थोपवून धरले. पडदा माझ्या पाठीमागे. अखिल विश्वात ती स्पर्धा केवळ श्रवणाने अनुभवणारा मी एकमेव प्रेक्षक असेन.

म्हणून जे ऐकले तेच लिहितो. पहिल्या वेळी टाळ्या झाल्या. दुसऱ्या वेळी वजन आदळले, वहिनी कळवळली. तिसऱ्या वेळी बाबा उठून उभे राहिले असावेत, कारण काठी पडली. त्यानंतर ते ओरडू लागले, पाठ सरळ, अगं पाठ सरळ, दार आधी पोटाशी घे. दार म्हणाले, धाकटे; वजन नाही. मग टाळ्या. मग इतरांची वजने आदळत राहिली. मग वहिनीने सांगितले की चौथी आली, आणि हेही सांगितले की आता दार सोडा, बाबांना डोळे पुसू द्या, तुम्ही इकडे बघू नका.

पाठ शेकतो आहे. लोभाला आता माझ्याकडे दार नाही. येऊ दे तेवढा.

तुझा द्वारपाल,
दादा

&nbsp;

दि. ३०

चि. पैलवान हिस,
आजोबांचा आशीर्वाद.

तुझ्या मामासारखं लिहिता येत नाही. थोडक्यात लिहितो.

राउटर तिजोरीत जाताना दुसरी किल्ली मीच फिरवली. आतून काही बाहेर येणार नाही हे मला माहीत होतं. तिजोरी नवी होती तेव्हा आत ट्रान्झिस्टर ठेवून पाहिला होता. दार लागलं की गाणं बंद. तुझा मामा लहरींवर बोलत होता आणि मी हसलो. बरं झालं, मनात म्हटलं, बघायलाच नको. मग रोज सकाळी विचारायचो, डबी बोलली का. नाही म्हणाला की चहा जाईना.

चौथी आलीस. दुसऱ्या वेळी पाठ वाकली होती. तिसऱ्या वेळी बरोबर उचललंस.

तुझी मामी म्हणते, राउटर बाहेर टेबलावर ठेवला की झालं. तसंही करता येतं. पण मला ते दार काढायचंच होतं. काल बिजागरीच्या खिट्ट्या ठोकून काढल्या, फळकुटांवर उतरवलं, भिंतीला टेकवून ठेवलं. काढायला अक्कल पुरते, बसवायला पाठ लागते. मामाची पाठ शेकायला लागली आहे आणि माझी संपली आहे.

तिजोरी उघडी पडली आहे. कारखान्यातले दोघे दार बघून गेले. चार माणसं लागतील म्हणाले. मी सांगितलं, चार नकोत, एक यायची आहे.

या पत्राचं उत्तर पत्राने देऊ नकोस.

आजोबा