आधी ऊब

३ एप्रिल
मी रोजनिशी लिहिणाऱ्यांतली नाही. पण गेल्या वर्षी या तळावर ओडवार नावाचा हिमनद्यांचा अभ्यासक दगावला आणि चौकशीत कुणालाच काही धड आठवेना. म्हणून मला नेमताना अट घातली गेली: शास्त्रज्ञांना बर्फावर सोडण्याआधी तयारी करून घ्यायची, आणि रोजचं रोज लिहून ठेवायचं. ठीक आहे, लिहिते.

उत्तर ध्रुवाजवळचं हे स्वालबार बेट आल्या आल्या आवडलं. ऊन लख्ख, थंडी कोरडी. बूडो शहरातल्या इस्पितळात नर्स म्हणून उभी हयात काढल्यावर इतकी स्वच्छ हवा छातीत घ्यायला बरं वाटलं. तळप्रमुख आयलर्टने माझी बॅग स्वतः स्नोस्कूटरवर बांधली. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या ओस्टाने गरम वॉफल आणि तपकिरी चीज पुढे ठेवलं. म्हणाली, खा पोटभर, इथे बारीक बाई आणि बारीक दोर, दोन्ही टिकत नाहीत.

इथली शिस्त मला पटली. तळावर कुठल्याच दाराला कुलूप नाही. अस्वल मागे लागलं तर कुणालाही कुठेही शिरता आलं पाहिजे. अपवाद एकच, किनाऱ्यावरची बोटींची शेड. तिथे कुत्र्यांसाठी सीलचं मांस टांगलेलं असतं, म्हणून दाराला बाहेरून जाड लोखंडी कडी. आयलर्टने बजावलं, जाता-येता कडी उघडी दिसली की सरकवायची, विचारत बसायचं नाही. असे सरळ नियम मला आवडतात.

६ एप्रिल
शास्त्रज्ञ आले: दोन पुरुष आणि सिग्ने. ती बर्फाचे थर मोजते, जिभेने तिखट आहे. माणसाच्या वजनाचा, वाळू भरलेला बाहुला आम्ही बर्फाच्या भेगेत सोडला आणि दोराने वर काढला. मग मी शिकवलं: थंडगार माणूस मेलेला समजायचा नाही. नाडी लागत नाही, अंग लाकूड झालंय, तरी नाही. आडवाच उचला, हिसका देऊ नका, चोळू नका, ऊब द्या. पूर्ण गरम होऊनही उठला नाही, तरच तो मेला.

सिग्ने म्हणाली, मग माझ्या पहिल्या नवऱ्याला अजून आशा आहे म्हणायची. आयलर्ट चौकटीला टेकून उभा होता. तो म्हणाला, सिस्टरबाई, मेलेला मला लांबूनच कळतो. सगळे हसले. मी हसले नाही.

बाहुला शेडमध्ये मागच्या भिंतीशी ठेवला. कडी मीच सरकवली.

७ एप्रिल
सकाळी बाहुला दाराशी पालथा पडलेला. पोरखेळ करायला वय झालं तुमचं, असं मी सगळ्यांना सुनावलं. कुणी कबूल झालं नाही.

८ एप्रिल
पुन्हा दाराशी. आज उजव्या हाताचा मोजा निघालेला. बाहुल्याला मागच्या भिंतीच्या हुकाला बांधून आले. गाठ माझी होती, दुहेरी.

९ एप्रिल
गाठ सुटलेली. दोन्ही मोजे निघालेले.

ओस्टाला गाठलं. ती बटाटे सोलत होती, मान वर न करता बोलली. बाहुल्याच्या अंगावरचा नारिंगी पोशाख ओडवारचा आहे. पोशाख चांगला धड होता, टाकवेना, म्हणून आयलर्टने त्यात वाळू भरली. ओडवारला भेगेतून काढलं तेव्हा आयलर्टने लांबूनच, मेला म्हणून, मान हलवली. अस्वलाच्या तोंडी लागू नये म्हणून त्याला शेडमध्ये ठेवून कडी लावली. सकाळी तो दाराशी होता. मोजे काढलेले. आयलर्ट म्हणाला, जमीन उतरती आहे, घसरला असेल. ओस्टा म्हणाली, आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं ग बाई. नाहीतर जेवण कसं गेलं असतं?

१० एप्रिल
शेडमध्ये पाणी ओतून पाहिलं. उतार मागच्या भिंतीकडे आहे. दाराच्या उलट.

दाराच्या फळ्यांवर आतून, गुडघ्याच्या उंचीवर, ओरखडे.

आयलर्टला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, पाणी ओतून माणूस परत येतो का? मी सांगितलं, तू यांना नेणार असशील तर या तुकडीच्या तयारीवर मी सही करणार नाही. मुख्य कार्यालयाने वायरलेसवर कळवलं, हवा चार दिवसच चांगली आहे, सही मागाहून चालेल.

सिग्ने निघताना माझ्याकडे आली. या वेळी विनोद नाही. म्हणाली, माझ्यावर वेळ आली तर त्याला ठरवू देऊ नकोस. मी शब्द दिला.

११ एप्रिल
गेले ते.
शेडमधून आवाज येतो. ओस्टा म्हणते वारा. वारा नाहीये.

१२ एप्रिल
आयलर्ट एकटा परत आला, मागे घसरगाडी. भेगेवरचा बर्फाचा पूल तुटून सिग्ने खाली गेली होती. मी धावत पोचेपर्यंत त्याने तिला शेडमध्ये ठेवलं होतं. म्हणाला, संपली. बाकीचे दोघे वर अडकलेत, जिवंतांकडे बघू दे. ओस्टालाही दोर धरायला घेऊन निघाला. मी नको म्हणाले, ऐकलं नाही.

मी गरम पाण्याच्या पिशव्या आणि घोंगड्या घेऊन शेडमध्ये आले. तिला एकटीने उचलणं धोक्याचं, हृदय थांबेल. इथेच ऊब देते. गळ्याशी बोटं धरून बसले. खूप वेळ काही नाही. मग एक ठोका.
जिवंत आहे.

ओरडत दाराकडे वळले तेव्हाच बाहेरून कडी सरकली. आयलर्टच असणार, जाता-जाता. उघडी दिसली, सरकवली. विचारलं नाही.
स्कूटर निघून गेल्या.

वही आणि पेन्सिल खिशात होती. वायरलेस टेबलावर राहिला.

दारावर हात मारून दमले, थांबले.
दारावरचे ठोके थांबले नाहीत.
बाहुला मागच्या भिंतीशी नाहीये. माझ्या शेजारी —
तो दारच वाजवतोय. माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

बोटं वळत नाहीत. दार उघडणाऱ्याच्या हवाली करते:

सिग्ने. जिवंत. श्वास फार सावकाश, पण आहे. पिशव्या काखेत. माझा कोट तिच्या अंगावर, माझे मोजे तिच्या हातात. आडवीच उचला.

ओडवारचा पोशाख, आत वाळू. त्यालाही घरात न्या.

मी. दाराशी असेन. हातात मोजे नसतील. लांबून बघून ठरवू नका. आधी ऊब, मग —