रिकामी बॅटरी परत पाठवणे

दि. ४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

साठी उलटलेल्या माणसाला चिरंजीव लिहिताना हसू येतं, पण धाकटा तो धाकटाच. तुझा गुडघा बरा आहे हे वाचून जिवात जीव आला. परवा फोन केलास तेव्हा मला नुसती खरखर ऐकू आली. जन्मभर लाकूड कापायच्या यंत्राशेजारी उभं राहिल्यावर कानांचं दुसरं काय होणार? तेव्हा लिहीतच जा.

बातमी अशी की मी बिनवायरच्या हत्यारांची पेटी घेतली. हसू नकोस. दादा मरेल पण हातानं फिरवायचं गिरमिट सोडणार नाही, असं तूच सगळ्यांना सांगत फिरायचास. आता मनगटं ऐकत नाहीत, चार भोकं पाडली की हात लटलट कापतो. पेटीत दोन ड्रिल आहेत, एक मोठं नि एक छोटं. शिवाय गोल पात्याची करवत आणि एक दिवा. बॅटऱ्या दोन, आणि गंमत म्हणजे कुठलीही बॅटरी कुठल्याही हत्याराला चालते. ड्रिलमधली काढायची की करवतीत, करवतीतली काढायची की दिव्यात. दुकानदार म्हणाला की आजोबा, आता एकटे चार माणसांचं काम कराल. मी म्हटलं, बाबा रे, दोघांचं झालं तरी पुष्कळ.

तू गेल्याला चार महिने झाले. काम काही अडलेलं नाही. फळीचं एक टोक क्लॅम्पमध्ये पकडतो, दुसरं मी सांभाळतो. चालतं.

छोटं ड्रिल आणि एक बॅटरी तुला पाठवतोय. सकाळच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा आहे, त्याच्याकडे देतो. सुताराचा हात रिकामा राहिला की डोकं सडतं. चार्जर मात्र एकच, तो इथे राहील. दुकानदार दुसरा घ्या म्हणून मागे लागला होता, मी म्हटलं दोघा भावांना एक पुरे. बॅटरी संपली की कंडक्टरच्या हाती दे, मी भरलेली पाठवीन. रिकामी आली म्हणजे मला कळेल, तुझं काम चालू आहे. सोबत चिठ्ठी हवी. नुसती बॅटरी धाडलीस तर कान उपटीन.

मुलाला आणि सूनबाईला आशीर्वाद. लोभ आहे, त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझा
दादा

*

दि. २३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ड्रिल पोचलं. सूनबाईनं विचारलं की बाबा, हे आता काय नवीन? मी म्हटलं, थोरल्या भावानं धाकट्याला खेळणं पाठवलंय. ती हसली. मनानं चांगली आहे रे, पण सकाळी बोलायला तिला वेळ नसतो आणि संध्याकाळी त्राण नसतं.

तुझी बॅटरी बघता बघता संपली. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांच्या पुस्तकांच्या फळ्या कलल्या होत्या, त्या नीट बसवून दिल्या. तळमजल्यावरच्या शिंप्याच्या दाराची बिजागरी बदलली. आता बिल्डिंगभर नुसतं मिस्त्री, मिस्त्री चाललंय. तेव्हा रिकामी पाठवतोय, भरलेली लवकर धाड.

घर लखलखीत आहे. मुलगा आठला बाहेर पडतो, सूनबाई नऊला. मग दिवसभर लिफ्टच्या वरखाली होण्याचा आवाज तेवढा. टेबल, कपाट, पलंग, सगळं खोक्यातून येतं आणि एका वाकड्या किल्लीनं जोडतात. लाकूड म्हणून हात फिरवावा तर हाताला काहीच लागत नाही. ना रेष, ना गाठ, ना वास.

तुझं काम अडत नाही हे वाचून बरं वाटलं. निघायच्या आधी मी तुला विचारलं होतं की जाऊ का. तेव्हा तू रंध्यावरून मानसुद्धा न उचलता म्हणालास, की जा, तुझ्यावाचून काही अडत नाही. आता तर यंत्रही आलं. मला कसला घोर नाही. तू दुपारचं जेवण वेळेवर घेत जा, भुशात बसून खाऊ नकोस.

धाकट्यावर माया ठेवशीलच, तरी आठवण करून देतो.

तुझा
बारक्या

*

दि. १२ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रिकामी बॅटरी पोचली, भरलेली पाठवतोय. मुख्याध्यापिकाबाईंच्या फळ्या किती जाडीच्या होत्या, स्क्रू कुठले वापरलेस, काहीच लिहिलं नाहीस. शहरात जाऊन साहेब झालास वाटतं.

इकडे यंत्र झकास चाललंय. करवत लोण्यात सुरी फिरावी तशी फिरते. मोठमोठी कामं येतात, पण मी निवडून घेतो. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ दोन झडपांच्या दाराचं काम घेऊन आले. सध्या सवड नाही म्हणून परत पाठवलं. जाताना त्यांनी विचारलं की तुमचे भाऊ दिसत नाहीत. मी म्हटलं, तो आता मोठा माणूस झाला.

एक बावळटपणा सांगतो. परवा फळी उचलली आणि सवयीनं धर रे म्हणून हाक मारली. धरणारं कोण होतं? फळी सरळ पायावर. अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय, बाकी काही नाही. तू लगेच डॉक्टर डॉक्टर करू नकोस.

तुझं तिथे बस्तान बसलं हे छानच झालं. माझ्या मनात तुला एक विचारायचं होतं, इकडे परत येण्याबद्दल. पण तुझा जम बसलाय तर कशाला? बसलेली घडी मोडू नये. ती गोष्ट राहू दे.

बॅटरी संपली की पाठव. आठवणीत जागा असू दे.

तुझा
दादा

*

दि. २ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी लिहितोय. कामाचा नुसता रगाडा आहे. बॅटरी पार निचरली, सोबत आहे. अंगठा गरम पाण्यात धरून ठेव आणि बंद चप्पल घाल, उघडी नको. फळी उचलताना निदान शेजाऱ्याला तरी बोलव. भांडल्याशिवाय मदत मागायची कला तुला येत नाही, हे ठाऊक आहे. तरी सांगतो.

तू काय विचारणार होतास ते विचारलं असतंस तर बरं झालं असतं. असो.

लोभ आहे तसाच ठेव, वाढवलास तरी चालेल.

तुझा
बारक्या

*

दि. ९ एप्रिल

चि. बारक्यास,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र रागात लिहितोय, म्हणून थोडक्यात.

तुझी बॅटरी आली. मी कधी बघत नाही, सरळ चार्जरला लावतो. लावली आणि चहा गाळेपर्यंत हिरवा दिवा. मला वाटलं चार्जर बिघडला. दुकानात नेला, त्या पोरसवद्या दुकानदारावर तोंडसुख घेतलं, त्याच्या बापाचाही उद्धार केला. त्यानं शांतपणे बॅटरीवरचं बटण दाबलं. चारीच्या चारी दिवे लागले. म्हणाला, आजोबा, ही भरलेलीच आहे, हिला कोणी हात लावलेला दिसत नाही. चार गिऱ्हाइकांसमोर त्याची माफी मागावी लागली. सत्तरीत ही वेळ आणलीस.

घरी येऊन तुझी पत्रं काढून बसलो. मुख्याध्यापिकाबाईंच्या फळ्यांना लाकूड कुठलं, ते नाही. भिंत विटांची की काँक्रीटची, ते नाही. दोन महिन्यांत ड्रिलचं एकही बिट मोडलं नाही, एकही नवं मागवलं नाहीस. अरे, तू तर स्टुलाला खिळा ठोकलास तरी मला अर्धा तास त्याची कथा ऐकवणारा माणूस. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला चार दिवे लागावे लागले.

मग आधीची बॅटरी रिकामी कशी आली? काय चाललंय तुझं? तब्येत बरी आहे ना? खरं काय ते लिही. मला थापा मारायचं तुझं वय नाही आणि ऐकून घ्यायचं माझं नाही. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही.

दादा

*

दि. १७ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न.

तब्येत बरी आहे. तेवढं खरं. बाकीचं आता सांगतो, रागावलास तरी पुरं वाच.

तळमजल्यावर शिंपी नाही. मुख्याध्यापिकाबाई आहेत, पण त्यांची फळी कलली नव्हती. ड्रिल आलं त्याच दिवशी मी चार मजल्यांवर दारं वाजवली, काही सुतारकाम असेल तर सांगा म्हणालो. लोक सभ्य आहेत. अर्ध्या उघडलेल्या दारातून सगळ्यांनी नाहीच म्हटलं. मुख्याध्यापिकाबाईंनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या की आता सगळं तयार येतं. इथे भोक पाडायला लेखी परवानगी लागते. आमचं घर भाड्याचं, मुलानं आधीच सांगून ठेवलंय की बाबा, भिंतीला हात लावू नका.

आणि तू लिहिलं होतंस, रिकामी आली की कळेल तुझं काम चालू आहे. मग भरलेली कशी परत करू? ड्रिल घेऊन गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो आणि बटण दाबून धरलं. समोर लाकूड नाही, भिंत नाही. नुसतं हवेत फिरत होतं. एक हात दुखला की दुसऱ्यात घ्यायचो. पाऊण तासानं ते धापा टाकत थांबलं. ती बॅटरी तुला पाठवली. तेवढ्यासाठी का होईना, खाली उतरून बसथांब्यापर्यंत जायचो, कंडक्टर दोन शब्द बोलायचा, तू बरा आहेस म्हणून सांगायचा. महिन्याचे तेच एक-दोन दिवस दिवसासारखे वाटायचे.

या खेपेला गच्चीला कुलूप. एक म्हातारा मशीन घेऊन वर एकटाच बसतो, अशी कोणीतरी तक्रार केली. वॉचमननं मलाच सांगितलं की असा असा एक माणूस आहे, तुम्हाला दिसला तर कळवा. मी बरं म्हटलं.

खोलीत चालवावं तर सूनबाई त्या आठवड्यात रजेवर घरी होती. म्हटलं, दादा कुठे बघतोय. दिली तशीच.

आधी का नाही सांगितलं म्हणशील. तुझं यंत्र झकास चाललेलं, कामं तू निवडून घेणारा. तिथे मी कुठल्या तोंडानं लिहू की मी इथे कोणालाच नको आहे? मुलगा जपतो, औषधं आणतो, जेवलात का विचारतो. पण माझ्यावाचून कोणाचं काहीच अडत नाही रे. तिथेही नाही, इथेही नाही.

रागावू नकोस. रागावलास तरी लिही.

तुझा
बारक्या

*

दि. २१ एप्रिल

बारक्या, गाढवा,

आशीर्वाद सोडून देतो, आधी ऐक.

ती करवत पेटीतच आहे. एकदाच चालवली. फळी नाचली, पातं उसळलं आणि माझ्या छातीत धडधड सुरू झाली ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. परत हात लावलेला नाही. लोण्यातली सुरी वगैरे सगळ्या थापा. तू गेल्यापासून मी स्टुलं करतोय. नुसती स्टुलं. एका माणसाला पेलेल असं तेवढंच सुचतं. कारखान्यात वीस झाली, बसायला मी एकटा. सवड नाही म्हणून दार परत पाठवलं ते खोटं. सवडच सवड आहे, दुसरे दोन हात नाहीत.

तू जाऊ का विचारलंस तेव्हा मी मान उचलली नाही, कारण उचलली असती तर तुला माझं तोंड दिसलं असतं. तुझी बायको वारल्यावर मुलाकडे तुला सुख लागेल, या सडाफटिंग भावाच्या भुशात काय आहे, असं वाटलं. म्हणून म्हणालो की काही अडत नाही. अडतं. सगळं अडतं. सकाळी कुलूप काढण्यापासून अडतं. ती पेटी मी मनगटांसाठी घेतली नाही, कारखान्यात काहीतरी आवाज हवा म्हणून घेतली, आणि तुला पत्र लिहायला निमित्त हवं म्हणून. दुसरा चार्जर घेतला नाही तोही त्याचसाठी.

आता तुला परत बोलवायचं, तर मोठं काम आलंय असं लिहिणार होतो. दोन झडपांचं दार, माणूस हवा, वगैरे. कागद अर्धा भरलासुद्धा होता, तो फाडला. आणखी एक थाप कशाला? काम नाही. ते गृहस्थ दुसरीकडे गेले. महिनाभर कदाचित येणारही नाही. तरी ये. माझं जेवण मला गिळवत नाही म्हणून ये. मला तू हवा आहेस. हे मी आयुष्यात कोणाला बोललेलो नाही आणि तोंडानं बोलताही येणार नाही, म्हणून लिहिलं. परत विचारू नकोस.

दादा

*

दि. २७ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मुलाला वाचायला दिलं. त्यानं ते दोनदा वाचलं. मग म्हणाला की बाबा, तुम्ही इथे खूश आहात असं मला वाटत होतं, मी रोज विचारायचो. खरंच विचारायचा. मीच रोज हो म्हणायचो. दोघांनाही रडू आलं आणि दोघांनीही चष्मा पुसायचं नाटक केलं. सूनबाईनं बॅग भरायला घेतली आहे, तीन महिन्यांची औषधं वेगळ्या पुड्यांत बांधून. दर महिन्याला दोघं येणार म्हणाले. बघू.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं निघतो, दुपारी दोनला पोचेन. तू थांब्यावर येऊ नकोस, ऊन फार असतं. येशीलच, म्हणून सांगतो, डोक्याला टोपी घाल आणि सावलीत बस. मी उतरल्यावर काही बोलू नकोस, मीही बोलणार नाही. पुढे होऊन नुसती बॅग धर.

तुझा
बारक्या