जोडसायकलीची मागची सीट

६ मे, मंगळवार. क्रेतास

पाठ! आज तीस किलोमीटर मी फक्त पाठ पाहिली. खाकी सदरा, मधोमध घामाचा पट्टा, आणि मानेवर न्हाव्याने चुकवलेले चार केस. या जुन्या रेल्वेच्या वाटेवर लोक कुठून कुठून येतात – रूळ उखडलेत, गाड्या नाहीत, हॉर्न नाही, दोन्ही बाजूंना बदाम आणि द्राक्षमळे. ते सगळं मला मान वळवून बघावं लागतं. समोर आगुस्ती.

जोडसायकलीवर मागच्याच्या हातात काही नसतं. हँडल असतं, पण ते फिरत नाही, नुसतं धरायला. ब्रेक पुढे, गिअर पुढे. पेडलं मात्र एकाच साखळीने बांधलेली – त्याने मारलं की माझे पाय फिरणारच. अडतीस वर्षांच्या संसारासाठी हे वाहन ज्याने शोधून काढलं, त्याचं भलं होवो.

वाटेच्या शेवटी तोर्तोसा, लेकीचं गाव. ते यायच्या आत आगुस्तीला सांगायचं. बहिणीने, तेक्लाने, समुद्रापार पाल्मात तिच्या बेकरीवरची खोली मला रंगवून दिलीय. सोमवारच्या सकाळच्या बोटीचं तिकीट – एकटीचं – माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात आहे. 'मी बहिणीकडे सहलीला नाही, राहायला जातेय.' एवढंच वाक्य. स्वयंपाक करताना शंभरदा घोकलंय.

७ मे, बुधवार. ओर्ता

सांगितलं नाही.

मी काही छळलेली बाई नाही. तो पीत नाही, हात उगारत नाही. पण जन्मभर आगगाडी चालवली, आणि घरही तसंच चालवलं. सूप दीडला म्हणजे दीडला. ऑगस्टात समुद्र नको, डोंगर. मला आस्कोच्या शाळेत नोकरी मिळत होती तेव्हा, 'माझ्या कामाच्या पाळ्यांशी जमणार नाही.' विचारलं कधी नाही, कळवलं. मला आता एकदा चार वाजता जेवायचंय. भूक लागली म्हणून.

आणि जानेवारीत तर कहर. मी बाजारातून आले तर माझी लाल सायकल विकलेली आणि अंगणात हे लांबडं जनावर उभं! 'दोघांना एक पुरे,' म्हणाला. त्याच रात्री मी तेक्लाला फोन लावला असता, पण तिला मी नाताळातच कळवून बसले होते.

आता नवीन खूळ. रेल्वेत इंजिनात दोघं असत तेव्हा सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने म्हणायचं आणि दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. तशी मला कामाला लावलीय. 'खांब!' – 'खांब.' 'पाणी!' – 'पाणी.' 'मेंढ्या!' – 'मेंढ्या.' आज दिवसभर असा आमचा संवाद चालला होता. एरवीपेक्षा जास्तच बोललो म्हणायचं.

८ मे, गुरुवार. बोत

आज प्रयत्न केला. लांब बोगद्यात शिरलो, दिवे निम्मे गेलेले. तोंड दिसत नाही तिथे धीर येतो, म्हणून त्याच्या पाठीलाच म्हणाले, 'आगुस्ती, मला तुला एक सांगायचंय.' तर म्हणतो, 'नंतर. आधी पुढे काय दिसतं ते सांग.' काय दिसणार? अंधार! तेच म्हणाले. त्याने परत म्हटलं, 'अंधार.'

जुन्या स्टेशनातच खानावळ आहे. मालकीण रोसेर, साठीची, जिभेला हाड नाही. आमची सायकल बघून म्हणाली, 'कसं हो जमतं तुम्हाला? आमचे हे तर खाटेवरसुद्धा माझ्याकडे तोंड करत नाहीत.' आगुस्ती खो खो हसला. मीही हसले, मग स्वतःचाच राग आला.

जेवणाची यादी मला वाचायला लावली. चष्मा म्हणे सायकलच्या पिशवीत राहिला. अख्खी यादी दोनदा वाचून घेतली आणि शेवटी मागवलं काय – क्लोचा! पाव पोखरून त्यात भाजलेला टोमॅटो, लसूण नि खारवलेली मासळी. ते तर मी त्याला कामावर बांधून देत आले. दोघांना तेच. मला काय हवं होतं ते मला तरी कुठे आठवलं.

९ मे, शुक्रवार. बोत

वारा सुटलाय, निघता आलं नाही. तो दिवसभर फलाटावर बसून होता. मीही शेजारी बसले. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी तेक्लाच्या बेकरीबद्दल बोलत राहिले. तो 'हं' म्हणाला.

१० मे, शनिवार. बेनिफायेत

कोपर खरचटलंय, अक्षर वाकडं येईल.

सकाळी मिरेयाचा फोन आला. त्यानेच घेतला. लेकीने माझी चौकशी केली असणार, कारण हा म्हणाला, 'आई मजेत आहे,' आणि फोन ठेवून दिला. मी दोन हातांच्या अंतरावर उभी! माझं टाळकंच फिरलं. ठरवलं – आज तोंड उघडायचं नाही. बघू याचं काय अडतं ते.

बोतपासून नदीपर्यंत उतारच आहे. तीन बोगदे मी मूग गिळून काढले. तो मागे न बघता दोनदा म्हणाला, 'सिंता? ठीक?' मी गप्प. मग एक शेतवाट आपली वाट ओलांडून जाते, तिथे ट्रॅक्टर आत शिरू नयेत म्हणून तीन लाकडी खांब रोवलेत. मधल्याला लाल-पांढरे पट्टे. भर ऊन. आंधळ्यालाही दिसेल, असं माझ्या मनात आलं. खरंच, हेच शब्द आले.

सरळ मधल्या खांबावर.

मी रोझमेरीच्या झुडपात पडले, खरचटलं फक्त. तो वाटेवर, डावं मनगट धरून. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर किती बरं झालं असतं.

'सिंता, तू बोलली नाहीस,' एवढंच म्हणाला.

मी म्हटलं, एवढा मोठा खांब तुला दिसला नाही?

'मधलं काही दिसत नाही. कडा दिसतात. तुझं तोंड दिसत नाही, कान दिसतात.'

ऑक्टोबरपासून. रेउसच्या डॉक्टरने मोटार चालवणं बंद करायला सांगितलंय, दोन्ही डोळे जाणार म्हणून सांगितलंय. एकटा जाऊन आला, दुखणं अंगावर काढलं आणि घरात दीडच्या ठोक्याला सूप पीत राहिला. ही वाट त्याने निवडली ती यासाठी. मोटारी नाहीत. रेल्वेची वाट, म्हणजे वळण एकदम येत नाही, हळूहळू येतं. दोन्ही कडा दिसल्या की भागतं, आणि मधलं सांगायला मी.

मग मी विचारायचं ते विचारलं. मला का नाही सांगितलंस?

तो मनगट चोळत म्हणाला, 'नाताळात तेक्लाचा फोन आला होता. तू दुकानात होतीस. खोलीला कोणता रंग द्यायचा, विचारत होती.'

'मग?'

'मग सांगितलं असतं, तर तू राहिली असतीस.'

मला खांब दिसला होता. शंभर पावलांवरून दिसला होता. त्याला मी म्हणाले, 'मला वाटलं तुला दिसेल.' हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे सांगणं माझ्याने होणार नाही.

११ मे, रविवार. तोर्तोसा, मिरेयाकडे

मिरेया काल संध्याकाळी गाडी घेऊन आली, सायकल टपावर बांधली. मनगटाला प्लास्टर.

पळून जायला निघालेलीला दारच उघडून दिलं तर तिने काय करायचं? मला भांडून जायचं होतं! पाच महिने भांडण तयार करत होते. त्याने ते माझ्या हातून काढून घेतलं. राहिले तर रोज त्याच्या त्या 'राहिली असतीस'मध्ये राहणार. गेले तर आंधळ्या माणसाला टाकून गेलेली बाई. सासरचे, आमच्या मोरा गावचे, चर्चचे, सगळ्यांच्या तोंडी. आणि माझ्या स्वतःच्या. कुठल्याही बाजूला वळा, खांब आहेच.

जेवताना त्यानेच विषय काढला. मिरेयाला म्हणाला, 'उद्या आईला बार्सेलोनाला बंदरावर सोडायचंय.' ती माझ्याकडे बघून म्हणाली, 'आई, अशा वेळी तू मावशीकडे सहलीला निघालीस?' तर हा म्हणतो, 'सहलीला नाही. राहायला जातेय.'

माझं वाक्य! पाच दिवस मी जिभेवर घेऊन हिंडत होते आणि त्याने ते ब्रेडचा तुकडा मोडावा तसं मोडून टेबलावर ठेवलं. मिरेया रडायला लागली. मग माझ्यावर चिडली, मग त्याच्यावर. तो म्हणाला, त्याने सगळी व्यवस्था केलीय, महिनाभर तिच्याकडे राहील, पुढचं पुढे. म्हणजे माझं जाणंसुद्धा त्यानेच ठरवलं. मी विचारलं, तुला काय हवंय? असं कोणी त्याला कधी विचारलं नव्हतं बहुतेक. म्हणाला, 'एकदा बरोबर हिंडायचं होतं. हिंडलो.'

तो समोर बसून माझ्या कानाशी बोलत होता. मी खुर्ची उचलली आणि जरा बाजूला सरकून बसले, म्हणजे त्याला मी दिसेन. तेव्हा तो म्हणाला, 'बारीक झालीस.'

तिकीट फाडायला काढलं. नाही फाडलं.

१२ मे, सोमवार. बोटीवर

सुटली. मिरेया गाडी लावायला गेली ती अजून परतलेली नाही. धक्क्यावर दोन बोटी लागल्या होत्या, आमची आणि मिनोर्काला जाणारी. तो धक्क्याच्या कठड्याशी एकटाच उभा आहे, ताठ, बरा हात उंच करून. केव्हाचा हात हलवतोय. त्या दुसऱ्या बोटीला.