काळी माती वेगळी काढून ठेव

चाकण, रविवार

चि. दत्तास ताईचे प्रेमाचे आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघ्याची काळजी करू नकोस.

आमच्या इमारतीमागे तानाबाईंचं शेत आहे. तिथे पाइपलाइनचा चर बुजवताना काळी माती खाली गेली, मुरूम वर आला. आता ज्वारीत मधोमध उघडा पट्टा दिसतो. मी खत सुचवलं. त्या म्हणाल्या, "बाई, मुरमाची माती व्हायला किती पिढ्या लागत्यात?"

शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सिस्टर फळ्यावर मातीचे थर काढायच्या, मी वहीत नुसते रंग भरले; अर्थ आत्ता कळला.

आपल्या शेतातही पाइप येतोय ना? उभा राहून काळी माती वेगळी काढायला लाव आणि शेवटी तीच वर पसरून घे.

आई जेवते ना? खोदतील त्या दिवशी तिला शेतात नेऊ नकोस. जन्मभर तिने दगड वेचले, ते त्याच वरच्या हातभर मातीतून.

तुझी,
शालूताई