दोन लाल वायरी

रविवार, १४ नोव्हेंबर २००४
कोल्हापूर

जिंकले! हे लिहिल्याशिवाय आज चैन पडणार नाही.

अमेरिकेतून येताना दादानं विचारलं होतं, डीव्हीडी आणू की नव्या डिजिटल व्हिडिओ टेपचा डेक? डेकचं चित्र कितीतरी स्वच्छ म्हणाला, म्हणून मी डेक सांगितला. तेव्हापासून ह्यांचं एकच, "आता टेप कोण घेतंय?" आज ह्यांनीच डेक टीव्हीला जोडला, दादानं दिलेला इंग्रजी पिक्चर लावला, तर नटीचं तोंड हिरवंगार आणि नुसती घरघर. लगेच म्हणाले, "भंगार हाय. डीव्हीडी सांग म्हणत हुतो की न्हाय?"

क्षणभर मलाही वाटलं, चुकलंच का माझं?

मग वायरी बघितल्या. पाचात दोन लाल, एक चित्राची, एक आवाजाची. ह्यांना दोन्ही सारख्याच. अहो, वीस वर्षं मी साड्यांना फॉल लावतेय, दोन लाल कधी सारखे असतात? दारात उजेडात धरल्या. एक कुंकवासारखी, दुसरी गाजरासारखी. गाजरी वायर डेकला चित्राच्या भोकात होती आणि टीव्हीला आवाजाच्या!

बदलली, आणि नटीच्या गालांवर लाली आली. तिच्या लाल झग्याच्या कडेचा टाका न टाका दिसायला लागला. मी म्हटलं, "हिच्या शिंप्याचा दोरा मधेच संपलाय बघा. पुढची कड दुसऱ्याच लाल दोऱ्यानं शिवलीय."

हे उठले. टीव्हीला नाक लावून बराच वेळ बघत राहिले.

"व्हय की गं!"