हाक नसताना

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची पनवेलला. सांगलीहून दोन बॅगा, एक उशी आणि आईने कोंबलेला चिवडा. एकांकिकांच्या बक्षिसांनी कपाट भरलं, पण व्यावसायिक नाटक हे पहिलंच, आणि त्यात थेट नायिका. खोली झकास आहे. घरमालकीण सोनाबाई इथल्याच. शेतं विमानतळाला गेली, त्या पैशात ही तीन मजली इमारत उभी राहिली. गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. मला बाहेरची आणि आतली अशा दोन खोल्या मिळाल्यात. आतल्या खोलीत ठेवायला माझ्याकडे काहीच नाही, म्हणून तिचं दार नुसतं लोटून ठेवलंय. सोनाबाईंनी आल्या आल्या तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. मी इथे लठ्ठ होणार.

६ नोव्हेंबर
तालमी एसटी स्टँडजवळच्या हॉलमध्ये. मी सुमन, आजारी सासऱ्यांचं सगळं करणारी सून. सासरे रंगमंचावर कधी येतच नाहीत. आतून नुसती हाक येते, 'सुमन', आणि मी म्हणायचं, 'ओ, आले हां'. प्रयोगात ही हाक रेकॉर्ड केलेली असेल. तालमीत आमचे दिग्दर्शक सत्यजीत सर स्वतःच ओरडतात. आज ते म्हणाले, तुझा ओ पाठ केलेला वाटतो, हाक ऐकून दिलेला वाटत नाही. फार झोंबलं. उद्यापासून घरी घासून घेणार.

९ नोव्हेंबर
दुपारभर सराव. लोटलेल्या दारासमोर उभं राहायचं, हाकेपुरती जागा सोडायची आणि ओ द्यायचा. सोनाबाई पापड घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. आत कोण आहे, विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "हाक नाय मारली कोनी, नि तू ओ कोनाला देतस पोरी? ज्याला कोनी ओ देत नाय, तो आयकत असतो." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

१२ नोव्हेंबर
आज संध्याकाळी मी जागा सोडली आणि त्या जागेत हाक आली. 'सुमन'. आतल्या खोलीतून, म्हाताऱ्या, कोरड्या गळ्याची. सवयीने मी ओ देऊनसुद्धा टाकला. दार ढकलून पाहिलं. फरशी आणि खिडकी, बाकी काही नाही. कळंबोलीकडे जाणारे ट्रक दिवसभर घरघरत असतात, त्यातलंच काहीतरी असेल. पाठांतर डोक्यात गेलंय, दुसरं काय.

१४ नोव्हेंबर
सरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. ओ आता खरा वाटतो म्हणाले. वाटणारच. मी आता खरंच ऐकून ओ देते.

१६ नोव्हेंबर
आज सराव केलाच नाही. केस विंचरत होते. हाक आली, 'अनुया'. नाटकातलं नाव नाही, माझं. तोंडावर हात दाबून बसले. मला फार भीती वाटतेय. सोनाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आता कुठेच ओ देऊ नको, कोणालाच नाही. ओ मिळाला नाही की कंटाळून जाईल. आईचा फोन आला, तिने नावाने हाक मारली. मी नुसतं हं म्हटलं.

१८ नोव्हेंबर
तालमीत तोंड उघडेना. सरांनी हाक दिली, मी गप्प. परत दिली, परत गप्प. सर आवाज न चढवता म्हणाले, निशाला तुझं काम पाठ आहे, असंच चाललं तर प्रयोगाला ती उभी राहील. निशा नाटकात मोलकरीण आहे. हे काम गेलं तर सांगलीला जाऊन दुकानात बसायचं. बाबांनी निघतानाच बजावलंय.
खोलीत हाका चालूच. आता दाराच्या अलीकडून वाटतात.

१९ नोव्हेंबर
ठरवलं. घरी ओ नाही. फक्त रंगमंचावर. ते घरातलं आहे, घरातच राहील.

२१ नोव्हेंबर
नाट्यगृहात रंगीत तालीम. हाक आली, ओ दिला. सरांचे डोळे भरून आले. निशाचं नाव परत निघालं नाही.
नंतर साउंडवाला परेश माफी मागायला आला. म्हणाला, रेकॉर्डिंग अडकलं होतं, हाक वाजलीच नाही, तू छान सांभाळून घेतलंस.
मग मी ओ कोणाला —
घरी आले. आतली खोली गप्प. एकही हाक नाही. ते आता इथे नाही.

२२ नोव्हेंबर, शुभारंभ
मेकअप रूममध्ये एकटी. साडी झाली, गजरा राहिलाय. दुसरी घंटा झाली. कालपासून हाक नाही.
सर विंगेत. बाकी सगळे खाली. इथे दुसरं कोणी नाही.
आत्ता —
कपडे बदलायच्या पडद्यामागून. माझ्याच आवाजात. सरांना हवा होता तसाच, अगदी हाक ऐकून दिल्यासारखा —
'ओ, आले हां.'
पडदा हलतोय. मी हाक मारली नाही. मी कोणालाच हाक मार