माळावरची कुसळं

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळ

मोज्यातली कुसळं अजून टोचतायत. काढावीशी वाटत नाहीत.

आज ग्रामसभेत मी काढलेले माळाचे फोटो दाखवले. गावाला तिथं खड्डे खणून झाडं लावायचीत. झाडं नकोत म्हणणारी मी एकटीच, म्हणजे वेडीच! पण चंडोल गवताच्या बुडाशी घरटं करतो. गवत गेलं तर तो कुठं जाईल?

पडदा म्हणून चादर बांधली होती. पंख्यानं ती हलायची, की फोटोतलं सोनेरी गवतही डुलायचं. मलाच क्षणभर वाटलं, आता चंडोल उडेल.

सरपंच आण्णा हळूच म्हणाले, "लई देखणं हाय, ताई. आपल्याकडं असं काय न्हाई बघा."

"आण्णा, हा आपलाच माळ."

"व्हय?" बराच वेळ ते चादरीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "खड्ड्यांचं राहू द्या. उद्या मला तिथं घेऊन चला."

फोटोत मी माळ जरा जास्तच देखणा केला का? घरी येईपर्यंत हेच डोक्यात.

पण निघताना पाहिलं होतं. आण्णांच्या लेंग्यालाही कुसळं चिकटलेली. माळ तुडवतच सभेला आले होते.